फॉर्मातला सातवा प्रश्न : लिम्फोमा होऊन गेलेल्यांनी काय लिहायचं?

मोगरा८७ (पुणे)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार, आधीच सांगते.

२०१६ च्या दिवाळीत उटणं लावताना मानेला डावीकडे सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर लक्षही दिलं नाही. मग बायॉप्सी, मग पेट स्कॅन, मग नाव कळलं : हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर, दुसरी स्टेज. एबीव्हीडीच्या सहा सायकल, म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक अशा बारा किमो. पुढच्या उन्हाळ्यात संपल्या. तेव्हापासून सगळं क्लिअर आहे. केस परत आले, आधी कुरळे आले, मग सरळ झाले. नोकरी तीच, बॉस तोच.

मागे राहिलेल्या गोष्टी दोन. उजव्या हाताच्या शिरा सुतळीसारख्या कडक झाल्यात. आणि कोकम सरबत घेववत नाही. एबीव्हीडीतला 'ए' म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, हुबेहूब त्या रंगाचं. नर्स मोठ्या सिरिंजमधून ते अगदी सावकाश सोडायची आणि तासाभराने लघवीलाही तोच रंग. माहेर रत्नागिरीचं असून आई आता माझ्यादेखत पाहुण्यांनाही कोकम देत नाही.

आता मुद्द्याचं. फ्लॅटसाठी कर्ज मंजूर झालंय. बँकवाले म्हणाले, सोबत कर्जाचा विमा घ्या, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांवर बोजा नको. फॉर्म आला. त्यातला सातवा प्रश्न : आपणांस कधीही कर्करोग झाला आहे काय? होय / नाही.

त्या 'कधीही'वर पेन अडकलं ते अडकलंच. एजंट समोर बसलेला. म्हणाला, "मॅडम, नाहीवर टिक मारा. आठ वर्षं झाली की. आणि तीन वर्षं हप्ते गेले की कंपनी काही बोलू शकत नाही."

मी काहीच टिक केलं नाही. फॉर्म आठवडाभर फ्रिजवर चुंबकाखाली लटकतोय. येताजाता दिसतो.

तर बाहेरगावच्या, बाहेरदेशीच्या लोकांना विचारायचंय. तुमच्याकडे असं विचारतात का? तुम्ही काय लिहिता? नुसत्या विम्याचं नाही म्हणत. ऑफिसात, लग्न ठरवताना, सोसायटीत. 'झाला होता' म्हणायचं की 'आहे' म्हणायचं, हे कोण ठरवतं?

हडपसरी (पुणे)

विम्यातच आयुष्य गेलं, म्हणून आधी हे. 'नाही'वर टिक करू नका. एजंट म्हणतो ते अर्धं खरं आहे. विमा कायद्याचं कलम ४५, त्यात २०१५ ला दुरुस्ती झाली. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षं चालली की त्यानंतर ती कुठल्याही कारणाने वादात आणता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत क्लेम आला तर पहिल्यांदा जुनी हॉस्पिटलची फाईल काढतात. घरच्यांवर बोजा नको म्हणून विमा, आणि त्याच घरच्यांना तुमच्या माघारी चौकशीला तोंड द्यायला लावायचं. एजंटला काय, त्याचं कमिशन पहिल्याच वर्षी सुटतं.

दुसरं, कर्जासोबत विमा घेतलाच पाहिजे असं कायद्यात नाही. बँक गळी उतरवते, एवढंच.

सेन_काठचा (पॅरिस)

मोगरा, तुमचा सातवा प्रश्न इकडे बेकायदेशीर ठरला असता. अतिशयोक्ती नाही.

फ्रान्समध्ये याला 'द्रवा आ लुब्ली' म्हणतात, शब्दशः 'विसरले जाण्याचा हक्क'. २०१६ च्या आरोग्य कायद्यात तो आला. उपचार संपून दहा वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी त्याबद्दल सांगायची गरज नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत नवा कायदा झाला, त्याने दहाची पाच केली. शिवाय गृहकर्ज माणशी दोन लाख युरोच्या आत असेल आणि साठाव्या वाढदिवसाआधी फिटणार असेल, तर आरोग्याची प्रश्नावलीच नाही. कोणालाच नाही, कॅन्सरवाल्यालाही नाही आणि पैलवानालाही नाही.

माझी बायको फ्रेंच. तिला विशीत नॉन-हॉजकिन, म्हणजे लिम्फोमाचाच दुसरा प्रकार, झाला होता. आम्ही २०१९ मध्ये घर घेतलं तेव्हा दहा वर्षं व्हायला चौदा महिने कमी होते. जादा हप्ता लागला, आजही भरतोय. तेव्हा घाई केली नसती तर, हा विषय आमच्या घरी बंद आहे.

पण एक गोष्ट सांगतो. तिने फॉर्मवर न लिहिणं आणि तुम्ही 'नाही' लिहिणं, कागदावर दोन्ही सारखंच दिसेल. तिकडे मात्र त्याला लपवणं म्हणतात आणि इकडे हक्क. त्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना ती मान वर करून चालली असती, तुम्हाला खाली घालावी लागली असती.

निसर्गप्रेमी

ताई, किमोचं विष शरीरात असेपर्यंत फॉर्म भरून काय उपयोग? गव्हांकुराचा रस, देशी गाईचं गोमूत्र आणि साखर पूर्ण बंद. माझ्या ओळखीतल्या एकांची चौथी स्टेज...

मोगरा८७

@निसर्गप्रेमी, विषय विम्याच्या फॉर्मचा आहे. गव्हांकुर माझ्या सासूबाईंनी आठ गमल्यांत लावले होते. मांजराने खाल्ले. मांजर ठणठणीत आहे.

रश्शाप्रेमी (कोल्हापूर)

मांजर :ड

माझं थोडं वेगळं. मला कोणी फॉर्म दिला नाही, कारण फॉर्मपर्यंत पोचायलाच वर्ष गेलं. २०१८ ला गाठ आली. गावच्या डॉक्टरांनी सुईने थोडं काढून तपासायला पाठवलं आणि टीबी म्हणून सांगितलं. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. त्यानेही लघवी नारिंगी होते, त्यामुळे औषध लागू पडतंय असं घरच्यांना वाटायचं. गाठी मात्र वाढल्या. रात्री घाम इतका की आई उठून बनियन बदलायची. शेवटी मुंबईला टाटात गेलो, अख्खी गाठ काढून तपासली. हॉजकिन, तिसरी स्टेज.

आई आणि मी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे एक गोष्ट फार बरी होती. कोणी कोणाला विचारत नाही, तुला काय झालंय. सगळ्यांना तेच झालेलं. टक्कल असलेलीच पोरं क्रिकेट खेळत असायची.

गावी आलो की उलटं. चुलतीने माझा तांब्या वेगळा ठेवला. गणपतीला पंक्तीत माझ्या शेजारचं पान रिकामं. भांडण नाही, कोणी वाईट बोललं नाही, फक्त पान रिकामं. एक म्हातारं तर म्हणालं, "टीबी होता तेच बरं होतं, निदान बरा झालास म्हणता आलं असतं."

आता सहा महिन्यांनी दाखवायला जातो. रेल्वेत पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सूट आहे, सोबतच्याला पाऊण. महालक्ष्मीने रात्री निघायचं, सकाळी उतरायचं, दाखवायचं, रात्री परत. ही सवलत मात्र न लपवता घ्यावी लागते. खिडकीवर सर्टिफिकेट सरकवलं की मागचा माणूस वाकून वाचतोच.

स्लाइडवाला (नागपूर)

मी पॅथॉलॉजिस्ट. रश्शाप्रेमी यांची गोष्ट मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो, म्हणून थोडं सविस्तर.

हॉजकिनमध्ये गाठीतल्या बहुतेक पेशी साध्या, सूज आल्यावर जमतात तशा असतात. खरी कॅन्सरची पेशी शेकड्यात एखादी. मोठी, दोन केंद्रकांची, मध्ये ठळक ठिपका. सूक्ष्मदर्शकात घुबड आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटतं. श्टेर्नबेर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून रीड-स्टर्नबर्ग पेशी. विशेष म्हणजे श्टेर्नबेर्ग हा टीबीचाच एक प्रकार समजत होते! सुईत दोन थेंब आले आणि त्यात घुबड नसलं की आपल्या देशात पहिला संशय टीबीवर जातो, आणि दहापैकी बऱ्याच वेळा तो बरोबरही असतो. म्हणून गोळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांत गाठ उतरत नसेल तर अख्खी गाठ काढून तपासा. सुईवर भागवू नका.

मोगरा, 'झाला होता की आहे' याला आमच्याकडे थोडंफार उत्तर आहे. हॉजकिन उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. पाच वर्षांनंतर क्वचित. फ्रेंचांनी पाचाचा आकडा हवेतून काढलेला नाही. तुमच्या पेट स्कॅनच्या रिपोर्टवर 'डोव्हिल २' वगैरे लिहिलं असेल, तेही एका फ्रेंच गावाचं नाव. २००९ मध्ये तिथे जमलेल्या डॉक्टरांनी एक ते पाच असे गुण ठरवले, कमी तेवढे चांगले. गाठीची चमक यकृताच्या चमकेशी ताडून बघायची.

लेस्टरची_मावशी (इंग्लंड)

मी इथली बहुधा सगळ्यांत जुनी पेशंट. हॉजकिन, १९९३, वय चोवीस. तेव्हा छातीवर, मानेवर, काखांत असं मोठ्ठं रेडिएशन द्यायचे, त्याला 'मँटल' म्हणजे अंगरखा म्हणत. छातीवर काढलेले निळे ठिपके अजून आहेत, टाचणीच्या टोकाएवढे. लग्नात मेंदीवाली म्हणाली होती, ताई हे गोंदण कसलं?

बरी झाले, दोन मुलं झाली, विसरले. २००३ मध्ये एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं पत्र आलं. पस्तिशीच्या आत छातीवर रेडिएशन घेतलेल्या बायकांना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त, तेव्हा तपासायला या. देशभर जुन्या नोंदी उपसून बायका शोधून काढत होते. दहा वर्षं मी स्वतःला बरी समजत होते आणि कोणीतरी तळघरातल्या फायली चाळत माझं नाव शोधत होतं, हे वाचून आधी राग आला, मग रडू आलं. तेव्हापासून दरवर्षी जाते. थायरॉइडची गोळी आहेच. आता हृदयाची एक झडप कुरकुरतेय, तोही त्या अंगरख्याचाच आहेर.

इथलं चांगलं सांगते. २०१० च्या समानता कायद्यात कॅन्सर निदानाच्या दिवसापासून 'अपंगत्व' धरतात, बरा झाला तरी संरक्षण जात नाही. मालकाला त्यावरून काढता येत नाही. २००९ पासून इंग्लंडात कॅन्सरच्या पेशंटला औषधाच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत, उपचारांच्या मागाहूनच्या दुखण्यांनाही. हॉजकिनवाल्यांना रक्त चढवायचं झालं तर ते आयुष्यभर रेडिएशन दिलेलंच लागतं, म्हणून एक कार्ड पर्समध्ये ठेवायला देतात. माझं सिंधुदुर्गच्या बसच्या पासाशेजारी असतं.

वाईट? 'विसरण्याचा हक्क' बिक्क इथे काही नाही. पुण्याला यायचं म्हटलं की प्रवासविम्याचा भाव विमानाच्या तिकिटाला मागे टाकतो. बत्तीस वर्षं झाली हो!

स्लाइडवाला

मावशी, त्या पत्राबद्दल वाचून थांबलो. त्या काळात आपल्याकडेही कितीतरी मुलींनी असंच रेडिएशन घेतलं. त्यांना पत्र कोण पाठवणार? कित्येकींची फाईल सोडा, पत्ताही उरलेला नाही. टाटाने १९९१ पासून लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी वेगळी 'अ‍ॅक्ट' ओपीडी चालवली आहे, फार मोठं काम आहे ते. पण विशी-तिशीत झालेल्यांना असं हक्काचं ठिकाण कमीच. हे वाचणाऱ्यांत कोणी तीस वर्षांपूर्वी छातीवर रेडिएशन घेतलेली बाई असेल तर तुमच्या डॉक्टरांना तेवढं एक वाक्य सांगा. थायरॉइड, स्तन, हृदय. तीन तपासण्या.

ट्यूलिपवाली (उट्रेख्त)

मावशींना साष्टांग. हॉलंडमध्ये अशाच लोकांसाठी 'बेटर' नावाचे दवाखाने आहेत, मोठ्या हॉस्पिटलांना जोडलेले. 'बेटर' म्हणजे डचमध्येही बरं. आजाराचा मागोवा नाही घेत, उपचारांनी काय काय करून ठेवलं त्याचा घेतात. मी २००८ ची, माझा नंबर दर वर्षी लागतो.

'विसरण्याचा हक्क' आमच्याकडे १ जानेवारी २०२१ पासून. आयुर्विमा आणि अंत्यविधीचा विमा, दोन्हींना. हो, डच माणूस स्वतःच्या अंत्यविधीचा विमा काढतो, आणि तो नाकारला गेला की त्याला मनापासून वाईट वाटतं. माझी शेजारीण रडली होती : "मी मेले तर कॉफी आणि केक कोण देणार?"

बेल्जियमने २०१९ मध्येच केलं होतं. पोर्तुगालने केलं, स्पेनने आणि इटलीने २०२३ मध्ये केलं. भारत यादीत यायला काय हरकत आहे, कळत नाही. सरकारचे पैसेही लागत नाहीत.

हडपसरी

कळत नाही कसं? कोणी मागितलंच नाही. मागायचं तर आधी चारचौघांत सांगावं लागतं की मला झाला होता. रश्शाप्रेमींच्या गावात ते पान रिकामं आहे तोवर मोर्चा कोण काढणार?

न्यूजर्सीचा_नाना (एडिसन)

अमेरिकेचं विचारता तर इथे तीन धाग्यांवर लटकायचं : नोकरी, विमा, व्हिसा. एक तुटला की तिन्ही.

मला २०१९ मध्ये डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा झाला. आर-चॉप नावाची किमो, सहा सायकल. त्यात पाच दिवस प्रेडनिसोनच्या गोळ्या असतात, त्या काळात झोप नावाची चीज नाही आणि भूक राक्षसासारखी. पहाटे तीनला मी मटकीला मोड आलेत का बघत किचनमध्ये उभा. बायको म्हणायची, कॅन्सर परवडला, ही मिसळ आवरा.

इथे आजारपणाची रजा कायद्याने बारा आठवडे, तीही बिनपगारी, तीही कंपनी पन्नासांहून लहान असली तर नाहीच. मी किमोच्या शुक्रवारी सुट्टी घेऊन सोमवारी कॉलवर असायचो, कॅमेरा बंद. टीममधल्या फक्त एकाला माहीत होतं, तो नांदेडचा. मी एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर, ग्रीनकार्डच्या रांगेत दहावं वर्ष. २०२३ मध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. व्हिसाचे साठ दिवस, तेवढ्यात नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा, आणि विमा महिनाअखेरपर्यंत. जुनाच विमा स्वतः भरून चालू ठेवता येतो, कोब्रा म्हणतात त्याला. नाव उगाच नाही. कुटुंबाचा हप्ता महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर.

एक मात्र खरं. २०१४ पासून आरोग्यविमा कंपनीला जुन्या आजारावरून नाकारता येत नाही, ओबामांच्या कायद्यामुळे. त्याआधीच्या पेशंटांच्या गोष्टी ऐकल्या की माझी काहीच नाही. आयुर्विमा मात्र अजून नाकारतात, बिनधास्त.

पंचावन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली. मुलाखतीत तब्येतीचं विचारायला कायद्याने बंदी आहे. पण पंचावन्नाव्या दिवशी माणसाचा चेहरा असतोच ना समोर.

भारतात परतावं का, हा विचार रोज. पण तिकडे आरोग्यविमा घेतला तर जुन्या आजाराला वेटिंग पीरियड आहेच ना?

हडपसरी

आहे. आधी ४८ महिन्यांपर्यंत असे, २०२४ पासून कमाल ३६. तेही कंपनीने पॉलिसी द्यायचं कबूल केलं तर.

स्लाइडवाला

नाना, परतलात तर औषधाची काळजी पूर्वीइतकी नको. 'आर' म्हणजे रिटुक्सिमॅब. त्याची जगातली पहिली जवळपास-तशीच आवृत्ती २००७ मध्ये हैदराबादच्या कंपनीने आणली, म्हणून इथे कितीतरी लोकांना आर-चॉपमधला 'आर' परवडू लागला. आधी नुसतं चॉप मिळायचं, 'आर' श्रीमंतांना. आजार उलटलाच तर आता सीएआर-टी सुद्धा आहे, पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून परत देतात ती. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून केलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत नुसत्या औषधाचे पावणेचार लाख डॉलरच्या आसपास किंवा वर. इथे चाळीस लाख रुपयांच्या आसपास. स्वस्त म्हणायची माझी जीभ रेटत नाही, पण तुलना म्हणून.

पुलांचं_शहर (पिट्सबर्ग)

नानांचा 'सोमवारी कॉलवर' वाचून लिहितोय. आमच्या गावात मारिओ लेम्यू नावाचा हॉकीपटू देव आहे. १९९३ मध्ये त्याला हॉजकिन झाला. २ मार्चला सकाळी शेवटचं रेडिएशन घेतलं, विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच रात्री खेळला. गोलही केला. विरोधी संघाच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

थोर माणूस, शंका नाही. पण या गोष्टीने आमचं फार नुकसान केलंय. माझी शेवटची किमो झाल्यावर मॅनेजरने मला हीच गोष्ट सांगितली, प्रेमाने. मला तेव्हा दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्ये बसावं लागत होतं. चार वर्षं झाली, दुपारी तीन वाजले की अजून बॅटरी काढून घेतल्यासारखं होतं. सगळे रिपोर्ट उत्तम. रिपोर्टात थकवा येत नाही.

श्वाबेनचा_पाटील (श्टुटगार्ट)

+१ थकव्याला. जर्मनीत निदान थकव्याला कागद आहे.

माझं २०२२. उपचार संपल्यावर तीन आठवडे 'रेहा', म्हणजे पुनर्वसन. डोंगरात नेऊन ठेवतात. पेन्शनचा विमाच खर्च करतो. सकाळी दोन काठ्या हातात देऊन जंगलात चालायला लावायचे, मग वाटाण्याचं सूप, मग 'स्वतःशी कसं बोलावं' यावर तास. पहिले चार दिवस मी गावच्या जावयासारखा अवघडून बसलो होतो. पाचव्या दिवशी एक ट्रकड्रायव्हर शेजारी बसून म्हणाला, "रात्री मान चाचपतोस का?" मी म्हटलं, रोज. तो म्हणाला, मीही. आईला, बायकोला, कोणाला हे सांगितलं नव्हतं.

कामावरही एकदम जायचं नाही. आधी दिवसाला दोन तास, मग चार, मग सहा. तोवर पैसे आरोग्यविमा देतो. आजारपणाचे पैसे एका आजाराला तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. नाना, तुमचं वाचून खरंच लाज वाटली.

अपंगत्वाचं कार्डही मिळालं, शंभरपैकी पन्नासच्या वर. वर्षाला पाच दिवस जादा रजा, आणि काढायचं तर मालकाला सरकारी कार्यालयाची परवानगी लागते. पण काही वर्षांनी पत्र येतं : आपण बरे झालात, आकडा कमी करत आहोत. मित्राला आलं तेव्हा तो दिवसभर गप्प होता. सरकारने बरं झाल्याचं कळवलं आणि हा म्हणतो, मला विचारलं का?

मूल हवं होतं म्हणून आधी वीर्य गोठवून ठेवलं, २०२१ पासून तोही खर्च इथे विम्यात. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विषय काढला, शेजारी बायको. आमच्या सांगलीत हा विषय कोणी काढला असता का, विचार करतोय.

जुई_नाही_जाई (नाव बदलून लिहितेय)

सांगलीत नाही, पण साताऱ्यात नव्हता काढला. मी एकवीस वर्षांची होते. डॉक्टर बाबांना म्हणाले, आधी जीव वाचवू. एवढंच. पाळी थांबली, नऊ महिन्यांनी परत आली, तेवढ्यावर आईने सत्यनारायण घातला. का, ते भटजींना सांगितलं नाही.

मोगराने लग्नाचं विचारलं म्हणून. मानेवर बायॉप्सीची रेघ आहे, करंगळीएवढी. बायोडेटाच्या फोटोसाठी आईने बंद गळ्याचं ब्लाउज शिवून घेतलं. तरी वरचं टोक दिसत होतं, ते फोटोवाल्याने पुसलं. मी तो फोटो बघत होते आणि वाटलं, ही मुलगी छान आहे, हिला कधी काही झालं नाही.

तीन स्थळांना आईबाबांनी सांगितलं नाही. चौथ्याला मी स्वतः सांगितलं, चहा येण्याआधी. त्याचा पहिला प्रश्न, "मुलांना होतो का?" म्हटलं, सहसा नाही. दुसरा, "माझ्या आईला सांगायलाच हवं का?" त्या दुसऱ्या प्रश्नावर मी उठले.

आता एकटी राहते. मुंबईत 'उगम' म्हणून इंडियन कॅन्सर सोसायटीचा, लहानपणी-तरुणपणी होऊन गेलेल्यांचा गट आहे, तिथे जाते. तिथल्या एका पोराला विचारलं, तू काय सांगतोस लोकांना? म्हणाला, मी नाटकात काम करतो असं सांगतो, मग सगळं खपतं.

सेन_काठचा

जुई, तो फोटो. बायकोला वाचून दाखवलं. तिची रेघही डावीकडेच आहे. ती म्हणतेय, कायद्याने बँक विसरली, पण नणंदेच्या लग्नात भावजय अजूनही विचारते, "तू बरी आहेस ना?" आणि डोकं असं तिरकं करते. ते तिरकं डोकं कुठल्या कायद्यात बसवायचं?

रश्शाप्रेमी

आमच्याकडे पण तिरकं करतात हो. मला वाटलं कोल्हापुरातच.

पाटील, अपंगत्वाचं कार्ड इथे मिळतं का? गिरणीत हलकं काम मागायचंय. बॉयलरच्या बाजूला उभं राहवत नाही.

हडपसरी

नाही मिळत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत. रक्ताचे थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत. कॅन्सर नाही. लेबर ऑफिसच्या भानगडीत न पडता थेट मॅनेजरला अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं पत्र. पत्रात 'उष्णतेजवळ काम टाळावं' एवढंच लिहून मागा. आजाराचं नाव घालायची गरज नाही.

मोगरा८७

नऊ दिवसांनी परत आलेय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, मावशींचे तीनदा.

फॉर्मचं सांगते. 'होय'वर टिक केली. खाली जागा होती दोन ओळींची, मी पाठीमागे लिहिलं. कधी झाला, काय औषधं, शेवटचा स्कॅन कधी, डोव्हिल १. शेवटी 'कधीही' या शब्दाखाली रेघ मारून लिहिलं, की आजार कधी संपतो याचा आपला निकष लेखी कळवावा. एजंट म्हणाला, असं कोणी लिहीत नाही. म्हटलं, आता लिहिलंय.

काल पत्र आलं. विमा नामंजूर, कारण एका ओळीत, निकषाबद्दल अवाक्षर नाही. कर्ज विम्याशिवाय दिलं, दादा सहकर्जदार झाला. त्याला सही करताना म्हटलं, मी मेले तर हप्ते तुला. तो म्हणाला, आधी पार्किंग कोणाचं ते ठरव.

जुई, पुण्यात आलीस की कळव.

रश्शाप्रेमी, अर्ज दिलात का? मॅनेजर काय म्हणाला?

रश्शाप्रेमी

दिला. काय झालंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, पत्रात लिहिलंय तेवढंच. गोदामात टाकलंय, सोमवारपासून. तिथे पंखा आहे.

गुरुवारी मुंबई, दाखवायला. महालक्ष्मीला वेटिंग चार आहे, होईल कन्फर्म.